लेसरच्या बंदुका आणि अणुकेंद्रातली लुटूपुटूची लढाई

लेसरचं शस्त्र म्हटलं की जाळून टाकणारं काहीतरी डोळ्यासमोर येतं, पण अमेरिकेतल्या अणुकेंद्रांवर खोटे हल्ले करून सिक्युरिटी तपासायला जो लेसर वापरतात त्याने साधा ओरखडाही येत नाही. रायफल खरीच असते, नळीवर एक डबी बसवतात, काडतुसं बिनगोळीची, बार उडाला की डबीतून डोळ्याला न दिसणारा लेसर सुटतो आणि समोरच्याच्या हेल्मेटवरच्या किंवा अंगावरच्या पट्ट्यांवरच्या सेन्सरला लागला की त्याचा भोंगा सुरू होतो. तो थांबवायचा तर स्वतःच्या बंदुकीवरच्या डबीची चावी काढून अंगावरच्या पट्ट्यांच्या यंत्रात लावायची, म्हणजे बंदूक बंद, मेला तो मेला.

ही माइल्स नावाची सिस्टीम मुळात लष्कराची. त्याआधी सरावात कोण मेलं हे पंच ठरवायचे आणि वाद ठरलेलाच. ७० च्या दशकात हेल्मेटवर दोन आकडी नंबर लावून बघितले, रायफलवरच्या दुर्बिणीतून समोरच्याचा नंबर वाचून ओरडला की तो बाद! कल्पना भारी होती पण रात्री, धुरात काय करणार? मग १९८० च्या आसपास माइल्स आलं, कॅलिफोर्नियातल्या फोर्ट अर्विनच्या वाळवंटात त्यावर मोठमोठे सराव झाले आणि पुढे ते ऊर्जा खात्याच्या अण्वस्त्र कारखान्यांतही पोचलं. वीज बनवणाऱ्या अणुप्रकल्पांवर १९९१ पासून खोटे हल्ले करून तपासणी व्हायची, ९/११ नंतर ती नव्याने उभी केली आणि २००५ च्या कायद्याने दर ३ वर्षांतून एकदा तरी सक्तीची झाली. सराव चालू असताना खऱ्या पहाऱ्याला गार्डची वेगळी तुकडी लागते, खर्च वाढतो, पण त्याला इलाज नाही.

उणिवा आहेतच, झाडाचं पान मध्ये आलं तरी लेसर अडतो, खरी गोळी थोडीच अडणार. पण मला जास्त टोचतं ते टेनेसीतल्या वाय-१२ या अण्वस्त्र कारखान्याचं प्रकरण. जून २००३ च्या सरावात निकाल कम्प्युटरच्या अंदाजापेक्षा फारच चांगला आला म्हणून चौकशी झाली, तर दोन गार्डना हल्ल्याचे प्लॅन आधीच दाखवलेले निघाले. जानेवारी २००४ च्या अहवालात तर आधीच्या सरावांबद्दलही लिहिलंय की गार्ड सेन्सरची बॅटरी काढायचे नाहीतर उलटी घालायचे, सेन्सरवर टेप, चिखल, व्हॅसलिन फासायचे, म्हणजे कितीही गोळ्या लागोत भोंगा वाजणारच नाही. बॉम्बचं युरेनियम जिथे ठेवतात तिथली ही गोष्ट आहे हो!

त्याच वाय-१२ मध्ये २८ जुलै २०१२ ला पहाटे तीन शांततावादी कार्यकर्ते, त्यात ८२ वर्षांची एक नन, कुंपणं कापून थेट युरेनियमच्या इमारतीच्या भिंतीपर्यंत पोचले. चौकशीत बंद पडलेले कॅमेरे आणि सारखे वाजणारे खोटे अलार्म सापडले, म्हणजे गोळी झाडायची वेळ येण्याच्या आधीचंच सगळं ढिलं होतं.