कुरडईच्या चिकासारखा प्राणी आणि बंद पडलेल्या अणुभट्ट्या

सोलापूरहून समुद्र तसा लांबच, पण सुट्ट्या लागल्या की इथली निम्मी माणसं कोकणात भेटतात. मागच्या दिवाळीत आम्ही रत्नागिरीजवळ भाट्याच्या किनाऱ्यावर होतो तेव्हा भाचा ओरडत आला, "मामा, बघा की हे काय पडलंय!" जाऊन बघितलं तर वाळूवर ताटाएवढा पारदर्शक गोळा, कुरडईसाठी शिजवलेला चीक ताटात ओतल्यावर कसा चकाकतो आणि थरथरतो अगदी तसा, आणि खालून चिकट दोऱ्यांचा गुंता. पोरगं बोट लावायला वाकलं तसं मी त्याला मागं ओढलं, कारण जेलीफिश मेली तरी तिच्या दोऱ्यांमधला डंख जिवंत असतो.

त्या दोऱ्यांवर हजारो सूक्ष्म पेशी असतात आणि प्रत्येकीत स्प्रिंगसारखी गुंडाळलेली एक पोकळ नळी, आतमध्ये प्रचंड दाब, नुसता स्पर्श झाला की नळी सुटून कातडीत घुसते आणि विष सोडते. याच गोतातल्या हायड्रावर हे मोजलंय, डंख सुटायला सेकंदाचा दहा लाखावा भागसुद्धा लागत नाही! मेंदू नाही, हृदय नाही, हाड नाही, अंगात 95 टक्के पाणी, आणि तरी हा प्राणी 50 कोटी वर्षांपासून टिकून आहे, डायनासोरच्याही कितीतरी आधीपासून.

एखादी जेलीफिश दिसणं वेगळं आणि अचानक लाखोंनी येणं वेगळं, या दुसऱ्या प्रकाराला ब्लूम म्हणतात. एवढ्या येतात कुठून, तर तळातून. अंड्यातून निघालेली अळी तरंगत जाऊन दगडाला, जेटीच्या खांबाला, बंदराच्या भिंतीला खालच्या बाजूनं चिकटते आणि तिचा काही मिलिमीटरचा पॉलिप होतो. हा पॉलिप तिथंच आपल्यासारखे आणखी पॉलिप काढत बसतो आणि तापमान जमलं की त्याच्या अंगाला आडव्या खाचा पडतात, भाकरीची चवड लावल्यासारख्या चकत्या एकावर एक तयार होतात, मग वरची चकती सुटून पोहत जाते, मग तिच्या खालची, मग तिच्या खालची. प्रत्येक चकती म्हणजे एक पिल्लू जेलीफिश. आपण समुद्रात जेवढं काँक्रीट टाकतो तेवढी पॉलिपना जागा मिळते.

आता आपल्या सोलापूरच्या कंबर तलावातली जलपर्णी आठवा. बाहेरच्या देशातली वनस्पती, सांडपाण्यातलं नायट्रोजन-फॉस्फरस खाऊन फोफावली आणि पाणी झाकून टाकलं. काळ्या समुद्रात 1980 च्या दशकात जवळपास हेच झालं, फक्त वनस्पतीच्या जागी निमिऑप्सिस नावाचा कंगवा-जेली होता, खरा जेलीफिश नव्हे पण तसाच बुळबुळीत. अमेरिकेच्या किनाऱ्यावरून तो जहाजांच्या पोटात तोल सांभाळायला भरलेल्या बॅलास्ट पाण्यातून आला. डॅन्यूब नदी शेतातली खतं आणून ओततच होती, मासेमारीही बेसुमार चालू होती, त्यामुळं त्याला स्पर्धाच उरली नाही. अँचोव्ही, म्हणजे आपल्या मांदेलीच्या नात्यातला मासा, जे सूक्ष्म जीव खातो तेच यानं फस्त केले, वर त्याची अंडी आणि पिल्लंही खाल्ली, आणि 1990 च्या आसपास तिथली अँचोव्हीची मासेमारी कोसळली. नंतर 1997 साली बेरोई नावाचा दुसरा कंगवा-जेली तिथं पोहोचला, तो निमिऑप्सिसलाच खातो, तेव्हा कुठं परिस्थिती सावरायला लागली.

म्हणून जेलीफिशला खलनायक ठरवणं मला पटत नाही. तिचे स्पर्धक आपण पकडून नेले, खायला आपणच घातलं. पाण्यातला ऑक्सिजन कमी झाला की मासे मरतात किंवा निघून जातात, ही मात्र निभावून नेते. आणि ब्लूम मेला की कुजताना उरलासुरला ऑक्सिजनही तिथले जीवाणू ओढून घेतात. अर्थात सगळेच ब्लूम माणसामुळं होत नाहीत, 2013 च्या एका मोठ्या अभ्यासात जगभरातली संख्या साधारण 20 वर्षांच्या चक्रात वरखाली होताना दिसली.

माणसाला फटका कसा बसतो ते बघा. आपल्या सोलापूरच्या एनटीपीसी वीज प्रकल्पाला उजनी धरणातून पाणी येतं, समुद्रकाठचे वीज प्रकल्प थंड व्हायला समुद्राचं पाणी ओढतात, आणि त्याच्या जाळ्यांवर जेलीफिशचा लगदा बसला की पाणीच बंद. ऑगस्ट 2025 मध्ये फ्रान्समधल्या ग्रावलिनला असंच झालं आणि चार अणुभट्ट्या बंद पडल्या. आपल्या तमिळनाडूतल्या कल्पाक्कम अणुवीज केंद्रालाही हा त्रास आहेच. जपानमध्ये नोमुरा जातीची जेलीफिश 200 किलोपर्यंत भरते, 2009 मध्ये अशांनी भरलेलं जाळं ओढताना 10 टनांचा ट्रॉलर उलटला, तिघं खलाशी पाण्यात पडले पण वाचले.

पावसाळ्यात मुंबईकडं येतात त्या निळ्या फुग्यांच्या ब्लू बॉटल, म्हणजे अनेक छोट्या जीवांची एकत्र वसाहत. 2018 च्या ऑगस्टमध्ये त्यांनी तिथं बऱ्याच जणांना डंख मारला होता. कोकणात कुणाला डंख बसलाच तर चोळू नका, वाळू लावू नका, बाटलीतलं गोडं पाणी ओतू नका, त्यानं उरलेले डंखही सुटू शकतात. समुद्राच्याच पाण्यानं धुवा, चिकटलेले दोरे चिमट्यानं किंवा काडीनं काढा, मग सोसेल इतक्या गरम पाण्यात वीसेक मिनिटं तो भाग बुडवून ठेवा. व्हिनेगर काही जातींवर चालतं पण ब्लू बॉटलवर नको. श्वास लागला, चक्कर आली, तर वाट न बघता दवाखाना गाठा. भाच्याला हे सगळं मी तिथंच वाळूवर बसून सांगितलं, तर त्यानं विचारलं, "मग मामा, हिला परत पाण्यात कसं टाकायचं?"