८६०३२ च्या पोटात शंभरावर क्रोमोझोम
निपाणी, चिक्कोडी, अथणीकडं उसाची जात विचारली की लोक नाव नाही, नंबर सांगतात. ८६०३२, नाहीतर जुना ६७१. ह्यातला ६७१ हा ८६०३२ चा एक पालक, दुसरा ६२१९८, आणि ह्या दोघांच्या संकरातून जी रोपं झाली त्यातलं एक तमिळनाडूतल्या कोइमतूरच्या संशोधकांनी निवडलं. एकच हं. आज आपल्याकडं आणि वर कोल्हापूर-सांगलीत जेवढा ८६०३२ उभा आहे तो सगळा त्या एका रोपाची कांडी, मग त्या कांडीची कांडी, असा आलाय. डीएनए बघितला तर तुमच्या फडातला ऊस आणि बांधापलीकडच्या कन्नड शेजाऱ्याचा ऊस जुळेच.

मग लोक म्हणतात ना, "बेणं दमलं ओ, पयल्यासारखं टनेज येईना", ते काय? जीन दमत नाहीत. कधीतरी एखादं म्युटेशन (डीएनएत अचानक झालेला बदल) होतं पण खरं कारण बहुतेक वेळा दुसरंच असतं, कांडीतून रोगही पुढच्या लागणीत जातो. गवताळ वाढ फायटोप्लाझ्मा ह्या बॅक्टेरियासारख्या बारक्या जंतूमुळं होते, खोडवा खुजा करणारा एक बॅक्टेरिया आहे, पान पिवळं करणारा व्हायरस आहे, आणि बऱ्याचदा बेणं वरून बघून काहीच कळत नाही. म्हणून बेणं ५० अंशाच्या गरम पाण्यात २ तास ठेवतात. टिश्यू कल्चरमधे शेंड्याचा अगदी बारका कोंब घेतात कारण तिथं व्हायरस सहसा पोचलेला नसतो. लॅबचा ऊस म्हणून काही जण नाक मुरडतात, पण त्यात बाहेरचा जीन घातलेला नसतो, डीएनए तोच, फक्त रोप निरोगी.

आता तुरा, म्हणजे उसाचा फुलोरा. तुरा आला की शेतकऱ्याचं तोंड पडतं, पांगशा (बाजूचे कोंब) फुटतात, दशी पडते, ऊस पोकळ होतो. पण नवी जात काढणाऱ्याला तुराच पाहिजे, कारण कांडीतून नक्कल मिळते, नवी जुळणी फक्त बियातून. कोइमतूरला ऊस चांगला फुलतो म्हणून १९१२ साली ऊस पैदास केंद्र तिथं निघालं, आणि तिथल्या बार्बर आणि वेंकटरामन ह्या संशोधकांनी जाड गोड उसाचा संकर ओढ्याकाठच्या रानटी उसाशी केला, को २०५ हा त्यातूनच आला. गोड उसाच्या पेशीत क्रोमोझोम, म्हणजे डीएनएच्या गुंडाळ्या, ८०. एरवी आई आपले निम्मेच देते, पण ह्या संकरात आई सगळे ८० देते आणि बाप निम्मे! रानटी बापात ६४ असतील तर पिल्लात ८० अधिक ३२, म्हणजे ११२. मला तर हा सगळ्या गोष्टीतला सगळ्यात भन्नाट भाग वाटतो. माणसात ४६, हे लक्षात घ्या. पुढं गोडवा परत आणायला पुन्हा पुन्हा गोड उसाशी संकर केले, त्यामुळं आजच्या उसात रानटी वाटा थोडाच उरलाय, पण काटकपणा बराचसा तिथून आलाय.

वाचायला हा जिनोम, म्हणजे उसाचा सगळा डीएनए, महाभयंकर. जवळपास प्रत्येक जीनच्या आठ-दहा प्रती, त्याही थोड्या थोड्या वेगळ्या. गावात एकाच नावाआडनावाचे दहा जण असावेत आणि पत्रावर घर नंबर नसावा, अशी पोस्टमनची गत. भाताचा जिनोम २००५ मधेच पुरा झाला, संकरित उसाचा तपशीलवार नकाशा मात्र २०२४ मधे आला, रियुनियन बेटावरच्या आर ५७० जातीचा, जवळपास ८.७ अब्ज डीएनए अक्षरं. माणसाच्या जिनोमची एक प्रत सुमारे ३ अब्ज. त्या नकाशामुळं तांबेरा ह्या पानावरच्या रोगाला अडवणाऱ्या ब्रू-१ ह्या डीएनएतल्या जागेतले दोन संभाव्य जीन सापडले.

फायदा असा, की तांबेऱ्याला टिकणारी रोपं शोधायला रोग यायची वाट बघायला नको, लहानपणीच पानाचा डीएनए तपासला की झालं. साखर आणि टनेजचं तसं नाही, तिथं ढीगभर जीन प्रत्येकी थोडंथोडं काम करतात, वर प्रत्येकाच्या इतक्या प्रती, त्यामुळं एका टेस्टनं उत्तर मिळत नाही. फडात लावायचं, खोडवा पण बघायचा, तोडून काट्यावर घालायचं, आणि ह्यातच दहा-बारा वर्षं जातात.