जपमाळेचा श्वास आणि विलापाची स्तोत्रे

वसईच्या ख्रिस्ती गावांत एखाद्या घरी मृत्यू झाला की संध्याकाळी शेजारीपाजारी त्या घरी जपमाळेसाठी जमतात. एक जण मरियेच्या प्रार्थनेचा पूर्वार्ध म्हणतो, बाकीचे सगळे मिळून उत्तरार्ध म्हणतात आणि बोटांतला एक मणी पुढे सरकतो. दहा-दहा मण्यांच्या पाच गटांत हे पन्नास वेळा घडते. सुरुवातीला हुंदक्यांनी अडखळणारा आवाज माळ संपत येते तेव्हा बराचसा सावरलेला असतो. दुःख तर जागच्या जागीच असते. मग अर्ध्या तासात बदलले काय, हा प्रश्न मला फार पूर्वीपासून पडत आला आहे.

त्याच्या एका भागाचे उत्तर शरीरशास्त्रात आहे. इटलीतील हृदयतज्ज्ञ लुचानो बेर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 साली 23 निरोगी व्यक्तींवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात लॅटिन भाषेतील जपमाळेची प्रार्थना म्हणताना आणि योगपरंपरेतील मंत्र म्हणताना श्वास, हृदयाची गती आणि रक्तदाब मोजण्यात आला. दोन्ही वेळी श्वासाची गती मिनिटाला जवळजवळ 6 वर आली. एरवी विश्रांतीच्या वेळी ती साधारण 12 ते 20 असते. एका प्रार्थनेचे आवर्तन सुमारे 10 सेकंदांचे असते, आणि आपल्या रक्तदाबातही जवळपास तेवढ्याच कालावधीची एक नैसर्गिक लाट असते. श्वासाची लय त्या लाटेशी जुळली की रक्तदाबाचा चढउतार ओळखून हृदयाची गती सावरणारी प्रतिक्षिप्त क्रिया अधिक तत्पर होते. प्रयोग लहान होता, त्यातली माणसे शोकात नव्हती आणि प्रार्थना मराठीत नव्हती, त्यामुळे यावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. तरीही दुसरा म्हणत असताना आपण ऐकायचे, श्वास घ्यायचा आणि मग एका दमात उत्तर द्यायचे, या जुन्या रचनेतच श्वासाला संथ करणारी लय आहे, एवढे त्यातून नक्की दिसते.

श्वास संथ होणे म्हणजे मात्र आनंद नव्हे. येशूचा प्रेषित संत पौल याने फिलिप्पै नगरातील ख्रिस्ती मंडळीला जे पत्र लिहिले, ते बंदिवासातून लिहिले, आणि अवघ्या चार अध्यायांच्या त्या पत्रात आनंदाचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो. बेड्या नाहीत असे तो कुठेही भासवत नाही. दुःख आणि आनंद एकाच मनात एकाच वेळी राहू शकतात, हे मानसशास्त्राने अलीकडे गांभीर्याने अभ्यासले आहे. मानसशास्त्रज्ञ सुझन फोकमन यांनी 1990च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोमध्ये एड्सने आजारी असलेल्या जोडीदारांची शुश्रूषा करणाऱ्या पुरुषांच्या दीर्घकाळ मुलाखती घेतल्या. त्यांच्यात नैराश्य पुष्कळ होते, पण त्याच दिवसांत कृतज्ञता, जिव्हाळा आणि समाधानाचे क्षणही नियमितपणे आढळले. ज्यांना आपल्या कष्टांत काही अर्थ सापडत होता, त्यांना ते क्षण तग धरायला उपयोगी पडत होते. जपमाळेतही आनंदाची रहस्ये आणि दुःखाची रहस्ये, म्हणजे येशू व मरिया यांच्या जीवनातील मनन करायचे प्रसंग, वेगवेगळ्या वारी, पण त्याच मण्यांवर म्हटली जातात.

अर्थ सापडण्यासाठी ख्रिस्ती माणूस ज्याच्याशी बोलतो, त्या बोलण्याचाही अभ्यास झाला आहे. डेन्मार्कमधील संशोधक उफे श्योट आणि सहकाऱ्यांनी 2009 साली 20 श्रद्धावान ख्रिस्ती व्यक्तींच्या मेंदूचे एमआरआय चित्रण केले. या व्यक्ती स्वतःच्या शब्दांत देवाशी बोलत असताना, समोरच्या माणसाच्या मनात काय चालले असेल हे ताडण्यासाठी मेंदूचे जे भाग वापरले जातात, तेच भाग सक्रिय झाले. नाताळबाबाकडे इच्छा मागताना तसे झाले नाही. देव आहे की नाही, याचा निकाल अशा यंत्रातून लागत नाही. परंतु प्रार्थना करणाऱ्याच्या दृष्टीने तो खऱ्याखुऱ्या कुणाशी तरी चाललेला संवाद असतो, एवढे हे चित्रण सांगते.

आणि संवादात रुसवा, राग, तक्रार हे सगळे आलेच. इथे मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गामेंट यांचे संशोधन मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. अमेरिकेत 55 वर्षे आणि त्यापुढील वयाच्या 596 रुग्णांचा त्यांनी सहकाऱ्यांसह दोन वर्षे पाठपुरावा केला आणि 2001 साली निष्कर्ष मांडले. ‘देवाने मला टाकले का’, ‘त्याचे माझ्यावर प्रेम आहे का’, ‘हा आजार सैतानानेच आणला’ अशा विचारांनी ग्रासलेल्या रुग्णांमध्ये मृत्यूचा धोका 19 ते 28 टक्क्यांनी अधिक आढळला. आजाराची तीव्रता आणि मानसिक स्थिती हिशेबात घेऊनही हा फरक उरला. म्हणजे श्रद्धा आधार देते तशीच ती जखमही होऊ शकते. आजारी माणसाच्या उशाशी बसून ‘तुझा विश्वास कमी पडला’ असे सांगणारे पाहुणे ही जखम आणखी खोल करतात, आणि हे थांबले पाहिजे असे मला मनापासून वाटते.

सोबत बसणाऱ्यांचे मोल मात्र कमी नाही. अमेरिकेतील 74,534 परिचारिकांच्या, बहुतांशी ख्रिस्ती स्त्रियांच्या, 2016 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आठवड्यातून एकाहून अधिक वेळा उपासनेला जाणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण अजिबात न जाणाऱ्यांपेक्षा 33 टक्क्यांनी कमी होते. या फरकाचा साधारण एक चतुर्थांश भाग माणसांच्या आधारातून येत होता.

बायबलमधील 150 स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश स्तोत्रे विलापाची आहेत. तेरावे स्तोत्र ‘कोठवर?’ असे चार वेळा विचारते आणि सहाव्या ओवीपर्यंत गाण्यावर येते. पण अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तसे वळण घेत नाही. मूळ हिब्रू भाषेत त्याचा शेवटचा शब्द ‘अंधार’ असा आहे. तरीही ज्यांनी ही स्तोत्रे एकत्र केली, त्यांनी ते गाळले नाही. आपल्या साऱ्या हताशेसह ते पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत देवालाच उद्देशून म्हटलेले आहे.