मोटरवर चालणारी ढवळणी (घरगुती बिअरनिर्मितीतील)

घरी बिअर करणारे हौशी लोक ज्या टाकीत पाणी तापवतात, तिच्या झाकणावर बसवलेली आणि आतले पाणी सावकाश फिरवत ठेवणारी यंत्रणा. गिअरची एक छोटी मोटर, तिला जोडलेला स्टीलचा दांडा आणि दांड्याच्या टोकाला पाते, एवढाच तिचा पसारा. ब्रिटन, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातले हौशी लोक ती बहुधा भंगारातल्या सामानातून घरीच जुळवतात. ब्रिटिश बिअरवाल्यांच्या बोलीत या टाकीला ‘हॉट लिकर टँक’ म्हणतात. इथे लिकर म्हणजे दारू नव्हे, निव्वळ पाणी. त्यामुळे नाव ऐकून भुवया उंचावायचे कारण नाही; टाकीत दारूचा थेंबही नसतो.

गरज : पाणी तापले की फुगते आणि हलके होते. २० अंश सेल्सिअसला एक लिटर पाण्याचे वजन सुमारे ९९८ ग्रॅम असते, ७५ अंशांना सुमारे ९७५. फरक फक्त २३ ग्रॅमचा, पण तेवढ्याने गरम पाणी वर आणि गार पाणी खाली असे थर पडतात, आणि कुणी हलवले नाही तर बराच वेळ तसेच राहतात. नरसाळ्याचा तांब्याचा बंब ज्यांनी वापरला आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. गार पाणी नरसाळ्यात ओतले की ते नळीने तळाशी जाते आणि तेवढेच कढत पाणी तोटीतून बादलीत पडते. दोन्ही एकमेकांत फारसे मिसळत नाहीत, म्हणून तर बंब चालतो. साठवणीचा गिझर आणि सौर बंबाची टाकीही याच थरांच्या जिवावर काम करतात. बिअरवाल्याला मात्र नेमके हे थरच नको असतात.

टाकीतले विजेचे एलिमेंट तळापासून काही सेंटिमीटर वर बसवलेले असते. त्याच्या वरचे पाणी तापून आपोआप फिरते, खालचे तसेच पडून राहते, आणि तोटी नेमकी तळाशी असते. थर्मामीटर ७५ दाखवत असताना तोटीतून आलेले पहिले काही लिटर पाणी त्याहून बरेच गार निघते ते यामुळे. मग दळलेल्या माल्टवर (मोड आणून वाळवलेल्या धान्यावर) हे पाणी पडले की ठरवलेले तापमान साधत नाही. माल्टमधल्या पिठाची साखर करणारी विकरे तापमानाच्या बाबतीत फार काटेकोर असतात: बीटा अमायलेज साधारण ६० ते ६५ अंशांत चांगले चालते, अल्फा अमायलेज ६८ ते ७२ अंशांत. दोन-तीन अंश इकडे-तिकडे झाले तर बिअर पातळ आणि कोरडी होते, नाहीतर जड आणि गोडसर.

‘हर्म्स’ नावाच्या पद्धतीत हा प्रश्न अधिक अडचणीचा होतो. तीत पाण्याच्या टाकीत तांब्याच्या किंवा स्टीलच्या नळीचे वेटोळे बुडवलेले असते. शेजारच्या भांड्यातला माल्टचा गोड अर्क, म्हणजे वर्ट, पंपाने या वेटोळ्यातून सतत फिरवतात. टाकीतल्या पाण्याची उष्णता नळीच्या भिंतीतून त्याला मिळते. पाणी स्थिर असेल तर नळीला लागून गार झालेल्या पाण्याची एक पातळ साय धरते आणि ती पांघरुणासारखी उष्णता अडवते. बाकीची टाकी कढत असूनही आतला वर्ट मग कूर्मगतीने तापतो. पाणी हलते ठेवले की ही साय टिकत नाही. वेटोळे लांब करण्यापेक्षा पाणी हलवणे कितीतरी स्वस्त पडते.

किती ढवळायचे : नवखा माणूस इथे हमखास चुकतो. ढवळायचे म्हणजे जोरात, असे समजून तो ड्रिलची मोटर लावतो आणि जमीन ओली करून घेतो. प्रत्यक्षात काम अगदी थोडे आहे. ५० लिटरच्या टाकीत १२ सेंटिमीटरचे तिरके पाते मिनिटाला ६० फेरे घेत असेल, तर ते सेकंदाला लिटरभर तरी पाणी ढकलते. म्हणजे मिनिटाच्या आत टाकीभर पाणी एकदा पात्यापाशी येऊन जाते. यासाठी पाण्यात खर्च होणारी शक्ती एका वॉटचा छोटासा अंश असते. फेरे दुप्पट केले की ती आठपट होते, तरीही वॉटच्या आतच राहते. मोटर जी वीज खाते ती बहुतेक स्वतःच्या गिअरमध्ये आणि घर्षणात जाते. म्हणून मोटर निवडताना ताकद पाहू नये. ती संथ चालते का आणि दीड-दोन तास न तापता चालते का, एवढे पाहावे.

पाते भांड्याच्या बरोबर मध्यावर असले की पाणी नुसते गोल फिरते, मध्ये भोवरा पडतो आणि वरचे पाणी वरच, खालचे खालीच राहते. डोळ्यांना ढवळल्यासारखे दिसते, पण वरचे-खालचे मिसळतच नाही. यावर सोपा उपाय म्हणजे दांडा मध्यापासून थोडा बाजूला बसवणे. हर्म्सच्या टाकीत वेटोळे स्वतःच फिरत्या पाण्याला अडथळा करते. ताकाच्या रवीत ही अडचण फारशी येत नाही, कारण दोरीने ती एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे फिरते आणि भोवऱ्याला स्थिरावायला वेळच मिळत नाही. एकाच दिशेने फिरणाऱ्या मोटरीला ही सोय नाही.

मोटर : सर्वांत लाडकी मोटर म्हणजे मोटारीच्या काचेवरचा वायपर चालवणारी. भंगारात ती सहज मिळते, १२ व्होल्टवर चालते, आत वर्म गिअर असल्याने मुळातच संथ असते आणि पावसाळी रात्री तासन्‌तास चालण्यासाठीच बनवलेली असते. तिला दोन वेग असतात आणि बाहेर चार-पाच वायरी येतात. त्यांतली एक वायपर जागेवर आणून थांबवण्यासाठी असते. ती चुकीची जोडली तर मोटर एक फेरा घेऊन हट्टाने थांबते आणि माणूस ती जळाली समजून टाकून देतो. अनेक वायपर मोटरींत ऋण टोक थेट बाहेरच्या धातूच्या अंगाला जोडलेले असते, म्हणजे पर्यायाने दांड्याला आणि पाण्यालाही. १२ व्होल्टला शॉकची भीती नाही, पण वीजपुरवठा चांगला विलग केलेला हवा. मायक्रोवेव्हच्या काचेची तबकडी फिरवणारी मोटरही लोक लावून पाहतात; मिनिटाला पाच-सहा फेरे या कामाला पुरत नाहीत.

वीज देण्यासाठी जुन्या संगणकाचा पॉवर सप्लाय चालतो. त्याच्या मोठ्या जोडणीतली हिरवी वायर एखाद्या काळ्या वायरीला जोडली की तो सुरू होतो. पिवळ्या वायरीवर १२ व्होल्ट मिळतात, लालवर ५. लालवर जोडलेली वायपर मोटर निम्म्याहून कमी वेगाने फिरते, आणि बऱ्याच टाक्यांना तोच वेग योग्य ठरतो. वेग हवा तसा बदलायचा असेल तर पीडब्ल्यूएम नियंत्रक (वीज झपाट्याने चालू-बंद करून वेग कमी-जास्त करणारा) लावतात, मात्र अगदी कमी वेगावर मोटर गुणगुणते.

जोडणी : दांडा ८ मिलिमीटर जाडीचा, ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचा घेतात. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा जस्ताचा मुलामा दिलेला आट्यांचा रॉड स्वस्त असतो, पण गरम पाण्यात जस्त उतरते आणि मग लोखंड गंजते. तो घेऊ नये. शिसे असलेले डाखकामही या टाकीत वर्ज्य. पात्यासाठी दीड मिलिमीटर जाडीच्या पत्र्याची, १२ सेंटिमीटर लांब आणि ३ सेंटिमीटर रुंद पट्टी पुरते. मध्ये भोक पाडायचे, पट्टी व्हाइसमध्ये धरायची आणि दोन्ही टोके विरुद्ध दिशांना ४५ अंशांत पिळायची. दांड्याच्या टोकाला आटे पाडून पाते वरून-खालून दोन नटांत घट्ट आवळतात. पाते एलिमेंटच्या वर, पण टाकीच्या खालच्या तिसऱ्या भागात यावे. खालचे पाणी उचलून वर ढकलेल अशी फिरण्याची दिशा निवडणे बरे.

खरी कसोटी मोटर आणि दांड्याच्या सांध्यात असते. मोटरीला स्वतःचे बेअरिंग असते, झाकणात दांड्याला आधार देणारा नायलॉनचा किंवा टेफ्लॉनचा बुश, म्हणजे छोटे नळकांडे, असतो. या दोन्हींतून घट्ट कपलिंगने बांधलेला दांडा केसभर जरी वाकडा असला तरी दर फेऱ्याला अडतो, कुरकुरतो आणि बुश खातो. लेथवर महागडे कपलिंग करून घेण्यापेक्षा जाड रबरी नळीचा पाच-सहा सेंटिमीटरचा तुकडा आणि दोन क्लिपा हा उपाय सरस आहे. नळी थोडी लवते, वाकडेपणा पोटात घालते आणि पाते कशात अडकलेच तर मोटर जळण्याआधी घसरते. दिसायला गावठी, पण यापेक्षा चांगली जोडणी या कामाला नाही.

मोटर थेट झाकणावर ठेवू नये. बुशातून येणारी वाफ तिच्या पोटात शिरून पाणी होते, आणि उतरताना गिअरचे ग्रीस घेऊन दांड्यावरून थेट टाकीत पाझरते. म्हणून मोटर झाकणापासून आठ-दहा सेंटिमीटर उंच चार खांबांवर उभी करतात आणि मधल्या दांड्यावर रबराची रुंद चकती बसवतात. खालची वाफ तिच्यावर अडते आणि वरून ओघळलेले ग्रीस फिरत्या कडेवरून बाहेर उडते, झाकणाच्या भोकात जात नाही.

पंप की ढवळणी : अनेक जण ढवळणीऐवजी छोट्या पंपाने टाकीतले पाणी तळातून ओढून वर कडेने परत सोडतात. पंप असेलच तर ते ठीक आहे. पण त्यासाठी टाकीला आणखी एक-दोन भोके पडतात, पंपात हवा अडकली की तो नुसताच घरघरतो, आणि पाणी उकळीजवळ आले की त्याचे ओढणे मंदावते. ढवळणीचे सगळे सामान झाकणावरून आत जात असल्याने पाण्याच्या पातळीखाली गळायला काही उरत नाही.

वापर : ५० लिटर पाणी २० वरून ७५ अंशांवर न्यायला सुमारे ३.२ युनिट वीज लागते, म्हणजे ३ किलोवॉटच्या एलिमेंटला तासाहून थोडा जास्त वेळ. ढवळणी या सगळ्या वेळात चालू हवी. तापमान राखणारा पीआयडी नियंत्रक ढवळणी चालू ठेवूनच जुळवून घ्यावा, कारण स्थिर पाण्यात सेन्सरला बातमी उशिरा पोचते आणि नियंत्रक मर्यादा ओलांडत राहतो. पाणी उपसताना पातळी पात्याच्या खाली येण्याआधी मोटर बंद करतात. एलिमेंट त्याच्याही आधी बंद झालेले असावे, नाहीतर ते कोरडे जळते. एलिमेंट २३० व्होल्टवर असल्याने टाकीला अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारे उपकरण) अनिवार्य आहे.

काम नीट होते की नाही हे पाहायला दोन थर्मामीटर पुरतात, एक पृष्ठभागाखाली आणि एक तळापासून तीन सेंटिमीटरवर. ढवळणी सुरू केल्यावर एक-दोन मिनिटांत दोन्ही आकडे जुळले नाहीत, तर वेग वाढवण्याआधी दांडा आणखी थोडा बाजूला सरकवून पाहावा.

कायदा : ब्रिटनमध्ये घरी बिअर करण्यासाठी १८८० पासून लागणारा परवाना १९६३ साली रद्द झाला. अमेरिकेत १९७८ साली अध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने केंद्रीय पातळीवर ही मोकळीक मिळाली. अलाबामा आणि मिसिसिपी या राज्यांनी २०१३ साली ती सर्वांत शेवटी दिली. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे, मग ते घरच्या घरी का असेना. ढवळणीला अर्थातच परवाना लागत नाही.