कुत्र्यासह कंट्री हाउसमध्ये मुक्काम: बुकिंगआधी हे वाचा

हॉटेलच्या माहितीत कुत्र्याच्या पंजाचं, म्हणजे 'कुत्रे चालतात' असं सांगणारं चिन्ह दिसलं की बरेच जण निर्धास्त होतात. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी आम्ही कंट्री हाउसमधले, म्हणजे जमीनदारांच्या जुन्या घरांत थाटलेल्या हॉटेलांतले, असे मुक्काम ठरवून देतो, आणि अनुभवाने सांगतो की त्या चिन्हाचा अर्थ हॉटेलागणिक बदलतो. कुठे बागेकडे दार असलेल्या दोनच खोल्या कुत्रेवाल्या पाहुण्यांसाठी राखलेल्या असतात. कुठे दिवाणखान्यात फायरप्लेसपुढे कुत्र्याने ताणून दिली तरी कोणी काही म्हणत नाही, पण डायनिंग रूमच्या दारात मात्र त्याला थांबावंच लागतं.

म्हणून हॉटेलला फोन लावला की आमचा पहिला प्रश्न एकच असतो: रात्री आमचे पाहुणे जेवायला बसतील, तेव्हा कुत्रा कुठे असेल?

जेवण तीन तासांचं असतं

कंट्री हाउस म्हणजे मुळात जमीनदारांची राहती घरं. वारसाकर आणि देखभालीचा खर्च झेपेनासा झाला तेव्हा अनेक घराण्यांनी ती विकली, आणि त्यांतली काही पुढे हॉटेलं झाली. १९४८ साली वायव्य इंग्लंडमधल्या अल्सवॉटर सरोवराच्या काठी फ्रान्सिस कोल्सन यांनी सुरू केलेलं शॅरो बे हे ब्रिटनमधलं पहिलं कंट्री हाउस हॉटेल मानलं जातं. एखाद्याच्या घरी पाहुणे म्हणून गेल्यासारखं वाटावं आणि जेवण मनापासून केलेलं असावं, हाच या हॉटेलांचा बाज. आजही अशा हॉटेलांत लोक जेवणासाठीच येतात. टेस्टिंग मेनू सात-आठ पदार्थांचा असतो, एकेक ताट सावकाश येतं, आणि टेबलावरून उठायला अडीच-तीन तास सहज लागतात.

तेवढा वेळ कुत्र्याला खोलीत एकटं ठेवायला अनेक हॉटेलं परवानगी देत नाहीत. देत असली तरी आमचा सल्ला असा की ती परवानगी जपूनच वापरा. आमच्याकडून गेलेल्या एका कुटुंबाचा आठ वर्षांचा लॅब्रेडॉर घरी दिवसदिवस एकटा राहायचा, कधी तक्रार नाही. त्या रात्री मात्र जिन्यावरून उतरत्या पावलांचा आवाज विरला आणि त्याने दार खरवडायला सुरुवात केली. तिसरा पदार्थ टेबलावर आला तेव्हा त्याचं रडणं खालपर्यंत ऐकू येत होतं. यात त्याची काहीच चूक नव्हती. वास परका, खोली परकी, आणि माणसं कुठे गेली ते त्याला कळेना. जेवण अर्धवट टाकून मंडळी वर गेली. तेव्हापासून हा प्रश्न आम्ही एकदाही विसरलेलो नाही.

उपाय आहेत. बऱ्याच ठिकाणी बारमध्ये किंवा दिवाणखान्यात टेबल मिळतं आणि कुत्रा पायाशी बसू शकतो. तिथे डायनिंग रूमचाच मेनू मिळतो की छोटा वेगळा, हे आधी विचारायला हवं. टेस्टिंग मेनूसाठी एवढ्या लांब जाऊन बारमधलं सँडविच खावं लागलं तर हिरमोड होतो. काही हॉटेलं सांभाळणारं माणूस मिळवून देतात. विचारताना संकोच करू नका. स्वयंपाकघरात पाळीव प्राणी येऊ नयेत हा अन्नसुरक्षेचा नियम आहे. जेवायच्या जागेत येऊ द्यायचे की नाही, हे हॉटेल स्वतः ठरवतं. अंध किंवा अपंग व्यक्तीच्या मदतनीस कुत्र्याची गोष्ट वेगळी, त्याला २०१० च्या समानता कायद्याचं संरक्षण आहे.

गाडीत ठेवणं हा उपाय नव्हे. बाहेर २२ अंश असताना बंद गाडीतलं तापमान तासाभरात ४७ अंशांपर्यंत जाऊ शकतं.

खोलीतलं चॉकलेट

ही गोष्ट कोणाच्या लक्षातच येत नाही. तुम्ही जेवायला गेलात की कर्मचारी येऊन पडदे ओढतात, पांघरूण सारखं करतात आणि उशीवर चॉकलेट ठेवून जातात. चहाच्या ट्रेमध्ये मनुका घातलेला केक असतो, फळांच्या परडीत द्राक्षं. चॉकलेट, द्राक्षं आणि मनुका, तिन्ही कुत्र्यासाठी विषारी. साखरेऐवजी झायलिटॉल हा गोडवा आणणारा पदार्थ घातलेली बिनसाखरेची गोळीही तशीच. संध्याकाळी खोलीत कोणी येऊ नये, असं रिसेप्शनवर सांगून ठेवा आणि ट्रे उंच ठेवा. टेबलावरूनही काही भरवू नका, कारण सॉसमध्ये बहुधा कांदा-लसूण असतोच.

आता तुमच्या ताटाबद्दल. शाकाहारी टेस्टिंग मेनू बहुतेक ठिकाणी मिळतो, पण तो आदल्या दिवशी सांगून चालत नाही. सूप किंवा सॉस हाडं उकळून काढलेल्या स्टॉकवर केलेला असू शकतो, मूस हा फेसाळ गोड पदार्थ घट्ट करायला प्राण्यांपासून काढलेलं जिलेटिन वापरलेलं असतं, पार्मेझान चीजमध्ये दूध घट्ट करणारं, वासराच्या पोटातलं रेनेट असतं. नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हणून थांबू नका. अंडं चालतं की नाही, कांदा-लसूण चालतो की नाही, सगळं स्पष्ट सांगा. आम्ही ते बुकिंगच्या वेळीच लेखी कळवतो. शेफमंडळी याने नाराज होत नाहीत. टेबलावर बसल्यावर सांगितलं तरच त्यांची पंचाईत होते.

बिलात सर्व्हिस चार्ज बहुधा लावलेला असतो, वेगळी टिप देण्याआधी बघून घ्या. कुत्र्याचं शुल्क दर रात्रीचं की मुक्कामाचं, हेही विचारा.

बाहेर फिरताना

हॉटेलचं आवार संपलं की बहुधा कोणाचं तरी शेत सुरू होतं. मेंढ्या दिसल्या की साखळी हवीच, कुत्रा कितीही गरीब असला तरी. मेंढ्यांच्या मागे लागणं हा १९५३ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि आपली जनावरं वाचवायला शेतकऱ्याने कुत्र्याला गोळी घातली तर काही परिस्थितींत कायदा त्याच्या बाजूने उभा राहतो. इंग्लंडमधल्या खुल्या माळांवर १ मार्च ते ३१ जुलै साखळी २ मीटरपेक्षा लांब नसावी, कारण तेव्हा जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांचा विणीचा काळ असतो. गाई अंगावर आल्या तर मात्र साखळी सोडून द्या. गाई कुत्र्याच्या मागे जातात आणि तो पळून सुटू शकतो. तुम्ही मध्ये अडकलात तर जीव धोक्यात येतो.

गळपट्ट्यावर मालकाचं नाव-पत्ता असणं सक्तीचं आहे. सोबत मोबाइल नंबरही घाला, पत्त्यावर तर तुम्ही नसणारच. परतल्यावर कान, काख आणि बोटांच्या बेचक्यात गोचिडी तपासा. मग मागच्या दाराने बूट रूममध्ये, म्हणजे चिखलाचे बूट काढायच्या खोलीत, शिरा. तिथे बहुधा नळ आणि जुने टॉवेल असतात. पाय कोरडे झाल्याशिवाय गालिच्यावर नको. घरून त्याचं रोजचं अंथरूण न धुता आणा, ओळखीचा वास असला की पहिली रात्र सोपी जाते.

बुकिंग करताना आम्हाला कुत्र्याचं वय, वजन आणि सवयी सांगा. भुंकतो, अनोळखी माणसांवर गुरगुरतो, जिना चढत नाही, जे असेल ते. त्यामुळे आम्ही नकार देणार नाही. मुख्य इमारतीऐवजी आवारातली वेगळी कॉटेज सुचवू, तळमजल्याची खोली मागू, आणि जेवणाच्या वेळी तो कुठे असेल, याचं उत्तर हॉटेलकडून लेखी घेऊनच तुमचे पैसे भरू.