पाणी तापते, पण ज्योत नीट जळते का?

दिवाळीच्या सुमारास पुण्या-नाशिकाकडे पहाटेचा गारठा जाणवू लागला, की उन्हाळ्यापासून बंद असलेला गॅस गिझर पुन्हा सुरू होतो आणि पाणी नेहमीसारखे कढत आले, की त्यात काही बिघाड नाही असे आपण गृहीत धरतो. घात होतो तो याच समजुतीने, कारण बर्नरमध्ये गॅस अर्धवट जळत असला तरी पाणी तापतच राहते. सिलिंडरची गळती लगेच कळते, कारण एलपीजीमध्ये उग्र वासाचे मर्कॅप्टन मुद्दाम मिसळलेले असते. कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू मात्र सिलिंडरमध्ये नसतोच. तो ज्योतीत तयार होतो, आणि त्याला रंगही नसतो, वासही नसतो.

याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. मिनिटाला 6 लिटर पाणी सुमारे 25 अंशांनी तापवायला साधारण 16 ग्रॅम गॅस लागतो, म्हणजे 10 मिनिटांच्या आंघोळीत 160 ग्रॅम. एक किलो एलपीजी पूर्ण जळण्यासाठी सुमारे 13 घनमीटर हवा लागते, तेव्हा या एका आंघोळीत 2 घनमीटरांहून अधिक हवेतला सगळा ऑक्सिजन संपतो. चार बाय पाच फुटांच्या आणि आठ फूट उंच न्हाणीघरात एकूण हवाच साडेचार घनमीटर असते. दार-खिडकी बंद असेल, तर ऑक्सिजन निम्म्यावर येण्याच्या कितीतरी आधी ज्योत बिघडते आणि कार्बनच्या काही अणूंना ऑक्सिजनच्या दोनऐवजी एकच अणू मिळून कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो. हा वायू रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो. ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी 1895 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत तो स्वतः हुंगून पाहिला होता, आणि त्यांना चालताना तोल सावरणे कठीण झाले होते. डोके दुखते आहे, मळमळते आहे हे जाणवेपर्यंत आतल्या माणसाला उठून कडी काढणेही का जमत नाही, याचे उत्तर त्यात आहे.

म्हणून गिझरची जागा न्हाणीघराबाहेर, मोकळ्या बाल्कनीत असावी. याबाबत तडजोड करू नये असे मला ठामपणे वाटते. पण बाहेर बसवलेल्या गिझरकडेही दुर्लक्ष करून चालत नाही. बंद असलेल्या महिन्यांत बर्नरच्या छिद्रांत धूळ आणि कोळिष्टके साचतात, गॅसमध्ये हवा नीट मिसळत नाही आणि निळी ज्योत पिवळी पडते. पिवळ्या ज्योतीची काजळी वरच्या तांब्याच्या पातळ पत्र्यांमध्ये बसते, धूर जाण्याची वाट अरुंद होते, आणि कोंडलेल्या धुरामुळे ज्योत आणखी बिघडते. हे चक्र आपोआप थांबत नाही. म्हणून थंडीच्या तोंडावर जाणकार मेकॅनिककडून बर्नर, जेट (गॅस सोडणारी बारीक तोटी) आणि हे पत्रे साफ करून घ्यावेत, आणि धुराच्या नळकांड्यात पक्ष्याचे घरटे नाही ना, त्याचे सांधे सुटलेले नाहीत ना, हेही तपासून घ्यावे. गिझरच्या पुढच्या पत्र्यावर काळा डाग दिसला, तर तो पुसून टाकण्यापूर्वी गिझर बंद करावा. ज्योत निळी दिसली म्हणूनही निर्धास्त होऊ नये, कारण ती निळी दिसत असतानाही थोडा कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ शकतो.

एक्झॉस्ट फॅनचा उपयोग होतो, असे पुष्कळांना वाटते. गिझर आतच असेल आणि बाहेरची हवा आत यायला झरोका नसेल, तर तोच पंखा नळकांड्यातून बाहेर जाणारा धूर उलटा आत ओढू शकतो.

कोणी भोवळ येऊन पडले, तर दार उघडून त्या व्यक्तीला आधी मोकळ्या हवेत आणावे, गिझर बंद करावा आणि 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बोटाला लावायच्या साध्या ऑक्सिमीटरवर विसंबू नये, कारण त्याला कार्बन मोनॉक्साइड धरलेले रक्त आणि ऑक्सिजनयुक्त रक्त यांतला फरक कळत नाही, आणि जीव धोक्यात असतानाही तो 98 दाखवू शकतो. साध्या हवेत रक्तातील या वायूचे प्रमाण निम्मे व्हायला चार-पाच तास लागतात, तर रुग्णालयात मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन दिल्यास साधारण दीड तास पुरतो.