दुपारी चार वाजता उडणारा लाल रंग

हळदीचा डाग पडलेला पांढरा शर्ट घरी आला की आई तो साबणाने फार चोळत बसायची नाही. "घासून काही जायचा नाही, उन्हात टाक," म्हणायची. डाग साबणाने आधी लालसर व्हायचा, पाण्यात खळबळून काढला की पुन्हा पिवळा. शर्ट दोरीवर पडायचा आणि संध्याकाळी काढून आणताना डाग जवळजवळ दिसेनासा झालेला असायचा. ऊन डाग वाळवत नाही, तो मोडतं. हळदीचा पिवळेपणा ज्या रेणूमुळे असतो तो प्रकाशातला निळा भाग शोषतो, म्हणून तर आपल्याला पिवळा दिसतो. पण शोषलेली ती ऊर्जा कुठेतरी जायला हवी. काही रेणू ती उष्णता म्हणून सोडून देतात, काही त्या धक्क्याने तुटतात. तुटलेल्या तुकड्यांना रंग नसतो.

शर्टाच्या बाबतीत ही सोय आहे. हेच एखाद्या मोठ्या चित्रकाराच्या कॅनव्हासवर घडलं तर?

अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात अगदी तेच घडलं. मार्क रॉथको (1903–1970) हा आधुनिक चित्रकलेतला फार मोठा माणूस. त्याच्या चित्रांत माणसं नाहीत, झाडं नाहीत. रंगाचे प्रचंड पट्टे आणि चौकटी आहेत, आणि सारी गंमत त्या रंगांच्या एकमेकांशी असलेल्या नात्यात आहे. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने हार्वर्डसाठी सहा मोठी चित्रं रंगवली. त्यातली पाच 1964 मध्ये होलिओक सेंटर या इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावरच्या जेवणाच्या दालनात लावली गेली. उंची सुमारे 267 सेंटिमीटर, म्हणजे पावणेनऊ फूट. पार्श्वभूमी गडद किरमिजी.

दालनाला मोठमोठ्या काचा होत्या. उन्हाचा त्रास होणार हे रॉथकोला कळत होतं, म्हणून त्याने पडदे लावायला सांगितले होते. पण इतक्या उंचावरून बाहेरचा देखावा सुरेख दिसायचा, आणि जेवायला येणारे लोक पडदे सरकवून ठेवायचे. कुणाला दोष द्यावा? चित्रांसमोर जेवणाच्या मेजवान्या होत होत्या. कॅनव्हासवर अन्नाचे डाग पडले, ओरखडे उठले, एकावर तर कुणीतरी नावही लिहिलं. पंधरा वर्षांत रंग इतके उडाले की 1979 मध्ये चित्रं उतरवून अंधाऱ्या कोठारात ठेवावी लागली. किरमिजी चित्रांपैकी एक तर फिकट निळसर झालं होतं.

निळसर का, हे कोडं 1980 च्या दशकात रसायनशास्त्रज्ञांनी उलगडलं. रॉथको आपले रंग स्वतः कालवायचा. या किरमिजीत त्याने लिथॉल रेड नावाचा लाल रंग आणि अल्ट्रामरीन निळा एकत्र केला होता. लिथॉल रेड हा 1899 मध्ये जर्मनीत तयार झालेला कृत्रिम रंग. स्वस्त, झगझगीत, छपाईच्या शाईत भरपूर वापरला गेलेला. छापील कागद काही पिढ्यान्‌पिढ्या टिकावा अशी अपेक्षा नसते, त्यामुळे तिथे तो चालून जातो. त्याच्या रेणूत नायट्रोजनचे दोन अणू दुहेरी बंधाने जोडलेले असतात, आणि लाल रंग देणाऱ्या रचनेच्या मधोमध ती जोडी असते. प्रकाश आणि हवेतला ऑक्सिजन मिळून ही रचना विस्कटतात. अल्ट्रामरीन मात्र खनिज जातीचा. उन्हाला दाद देत नाही. लाल निघून गेला आणि मागे निळा राहिला, इतकंच. खिडकीपासून कोणतं चित्र किती जवळ आणि कोणत्या मिश्रणात काय प्रमाण, यावर प्रत्येक चित्राचं नुकसान वेगवेगळं झालं. एकाच चित्रातही एका कोपऱ्यात जास्त, दुसऱ्यात कमी.

आता दुरुस्ती कशी करायची? संग्रहालयांत चित्र सांभाळणाऱ्या तज्ज्ञांचा एक पक्का नियम असतो: आज जे कराल ते उद्या काढून टाकता आलं पाहिजे. जुन्या तैलचित्रावर वार्निशचा थर असतो, त्यावर रंगाचा ठिपका लावला तर मूळ रंगाला धक्का न लावता तो पुसता येतो. रॉथकोच्या या चित्रांवर वार्निशच नाही. पृष्ठभाग कोरडा, विनाचमक, रंग पटकन शोषून घेणारा. त्यावर ब्रश टेकवला की तो रंग कायमचा आत गेला. शिवाय डाग एखाद्या इंचाचा असता तर गोष्ट वेगळी. इथे अख्खी भिंत भरणारा रंग गेला होता. तो पुन्हा लावणं म्हणजे चित्र नव्याने रंगवणं झालं असतं, आणि मग ते रॉथकोचं राहिलं नसतं.

म्हणून रंगाऐवजी उजेड वापरायचं ठरलं. या कामातली दोन नावं मराठी वाचकाला थांबवतील. एक नारायण खांडेकर, ऑस्ट्रेलियात शिकलेले वैज्ञानिक, हार्वर्डच्या संग्रहालयांमधल्या स्ट्राउस संवर्धन केंद्रातले. दुसरं रमेश रासकर, मूळचे नाशिकचे, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले आणि पुढे एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये कॅमेरा आणि प्रकाशावर संशोधन करणारे. रासकरांनी 2001 मध्येच सहकाऱ्यांबरोबर एक तंत्र मांडलं होतं: पांढऱ्याफटक वस्तूवर प्रोजेक्टरने असा उजेड टाकायचा की ती रंगीत, नक्षीदार भासावी. त्या प्रयोगांत ताजमहालाची एक पांढरी प्रतिकृतीही होती. रॉथकोच्या बाबतीत काम त्याहून अवघड होतं, कारण समोरचा पृष्ठभाग पांढरा नव्हता; त्याला आधीच अर्धामुर्धा रंग होता.

पहिला प्रश्न: मूळ रंग नेमका कसा होता? 1964 मध्ये चित्रांच्या रंगीत पारदर्शिका, म्हणजे पारदर्शक फिल्मवरची छायाचित्रं, काढल्या होत्या, पण फिल्मचे रंगही तेवढ्या वर्षांत उडाले होते. हरवलेल्या गोष्टीचा साक्षीदारच विसरभोळा निघावा, तसं. स्वित्झर्लंडमधल्या बाझल विद्यापीठातले रुडॉल्फ ग्श्विंड हे फिल्मचे उडालेले रंग संगणकावर परत मिळवण्यातले जाणकार. त्यांच्या मदतीने पारदर्शिका सुधारल्या गेल्या. पण ते बरोबर सुधारलं हे कशावरून? इथे सहावं चित्र कामी आलं. ते हार्वर्डमध्ये लागलंच नव्हतं, रॉथकोकडे परत गेलं होतं आणि पुढे त्याच्या मुलांकडे राहिलं. त्याने ती उन्हं खाल्ली नव्हती. मला या साऱ्या कहाणीत हे सहावं चित्र फार जिव्हाळ्याचं वाटतं. निवडीत मागे राहिलं, म्हणून वाचलं, आणि शेवटी बाकी पाचांची ओळख पटवायला तेच उभं राहिलं.

दुसरा प्रश्न गणिताचा, आणि इथे बहुतेकांचा एक गैरसमज होतो. वाटतं की लाल उडाला तर वरून लाल उजेड टाकला असेल. तसं नाही. समजण्यासाठी काही आकडे घेऊ. पूर्वी एखाद्या ठिपक्यावर पांढरा उजेड पडला की शंभरातला 40 भाग लाल, 8 भाग हिरवा आणि 16 भाग निळा प्रकाश परत यायचा. डोळ्याला ते किरमिजी. आता लिथॉल रेड गेला, हिरवा-निळा शोषणारं कुणी उरलं नाही. म्हणून लाल 40 तसाच, पण हिरवा 24 आणि निळा 48 परत येतो. ठिपका निळसर दिसतो. मग लाल उजेड पूर्ण पाठवायचा आणि हिरवा व निळा फक्त एक तृतीयांश. परत येणारा प्रकाश पुन्हा 40, 8, 16. रेणू जे शोषण करायचा ते त्याच्या ऐवजी प्रोजेक्टरने आधीच करून टाकलं. वजाबाकी कॅनव्हासवर व्हायची ती वाटेतच झाली.

ही वजाबाकी प्रत्येक चित्रासाठी वीस लाखांहून अधिक पिक्सेलांवर, प्रत्येकाची वेगळी. समोर कॅमेरा ठेवून चित्राचा आजचा रंग मोजायचा, सुधारलेल्या पारदर्शिकेतल्या कालच्या रंगाशी ताडायचा, आणि फरकाची प्रतिमा तयार करायची. ती प्रतिमा चित्रावर तंतोतंत बसायला हवी. थोडी सरकली तरी आकारांच्या कडेला भलत्याच रंगाची किनार उमटेल. त्या झोतात मध्ये एखादा पांढरा कागद धरला तर त्यावर रॉथकोचं चित्र दिसणार नाही, तर त्याला झालेल्या जखमांचा नकाशा दिसेल: जिथे जास्त उडालं तिथे गडद, जिथे कमी तिथे फिकट.

नोव्हेंबर 2014 मध्ये हार्वर्डची संग्रहालयं नूतनीकरण झालेल्या इमारतीत पुन्हा उघडली तेव्हा हे प्रदर्शन सुरू झालं. दिवसभर चित्रं किरमिजी दिसायची. दुपारी चार वाजता प्रोजेक्टर बंद व्हायचे. क्षणात भिंतीवरून तो रंग निघून जायचा आणि उरलेला वेळ लोक खऱ्या, विटलेल्या कॅनव्हासासमोर उभे राहायचे. ही वेळ पाहायला लोक मुद्दाम थांबत.

या उपायावर वाद झाला. प्रेक्षक पाहतोय ते रॉथकोचं की प्रोजेक्टरचं, असा प्रश्न विचारला गेला, आणि तो रास्त आहे. माझं मत मात्र हा उपाय करणाऱ्यांच्या बाजूने पडतं, आणि त्याचं कारण ते चार वाजणं आहे. आपल्या ताब्यातल्या ठेव्याची झालेली हेळसांड एखादी संस्था रोज, ठरलेल्या वेळी, सगळ्यांसमोर उघडी करून दाखवते, हे मला त्या तंत्राइतकंच मोलाचं वाटतं.

त्याच इमारतीत खांडेकरांच्या देखरेखीखाली रंगांचा एक संग्रह आहे. हार्वर्डच्याच फॉग संग्रहालयाचे एके काळचे संचालक एडवर्ड फोर्ब्स यांनी 1910 च्या सुमारास तो सुरू केला; आज त्यात 2,500 हून अधिक रंगद्रव्यं आहेत, काचेच्या कपाटांत, बाटल्याबाटल्यांत. त्यात आपल्याकडचा इंडियन यलोही आहे. तो बिहारमध्ये मुंगेरजवळ आंब्याची पानं खाऊ घातलेल्या गाईंच्या मूत्रापासून करत असल्याची नोंद 1883 ची आहे. या बाटल्यांचा उपयोग शोभेपुरता नाही. अमेरिकन चित्रकार जॅक्सन पोलॉकची म्हणून पुढे आलेली काही चित्रं 2007 मध्ये तपासली गेली तेव्हा एकात असा लाल रंग सापडला जो 1980 च्या दशकात बाजारात आला. पोलॉक 1956 मध्ये गेला होता.

रॉथकोचं प्रदर्शन जुलै 2015 मध्ये संपलं. पाचही चित्रं खाली उतरली. अंधारात लिथॉल रेडचं तुटणं जवळजवळ थांबतं, पण उरलेला लिथॉल रेड अजून कॅनव्हासवर आहे, आणि प्रोजेक्टरचा कितीही मंद केलेला उजेड शेवटी उजेडच. पुन्हा कधी ही चित्रं भिंतीवर चढली तर आधी कॅमेरा समोर लावून त्या दिवशीचा रंग नव्याने मोजावा लागेल आणि वीस लाख पिक्सेलांची वजाबाकी पुन्हा पहिल्यापासून करावी लागेल.